घट-वाढ

“हं, घट-वाढ सांगा,” अप्पा म्हणाले आणि माझी शाळेतली जुनी पाटी त्यांनी मांडीवर घेतली.

महिन्याचा पहिला रविवार होता. जेवणं उरकली होती, आईनं खरकटं काढून फरशी पुसली होती आणि त्या ओलसर फरशीवर आम्ही चौघं बसलो होतो. अप्पा, आई, आज्जी आणि मी. चार माणसांच्या घरात सभा भरवायची म्हणजे गंमतच, पण अप्पांना तिथं गंमत चालत नसे. कुणी हसलं की ते पेन्सिल पाटीवरनं उचलून थांबायचे आणि आपलं हसू विरून जाईपर्यंत थांबूनच राहायचे.

अप्पा इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत स्टोअरकीपर होते. महिनाअखेरीला रॅकवरचा माल मोजायचा आणि कागदाशी ताडून बघायचा. कमी भरला तर घट, जास्त निघाला तर वाढ. त्यात त्यांची उभी हयात गेली. मग गिरणीला कुलूप लागलं, कामगारांची देणी आत अडकली आणि अप्पा एका सूत व्यापाऱ्याच्या गोदामात अर्ध्या पगारावर उभे राहिले. गिरणी गेली, पण स्टोअर काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. ते त्यांनी घरी आणलं.

नियम सोपे होते. ज्याला जे हवं त्यानं ते सभेत मागायचं. सगळ्यांनी होकार दिला की ते पाटीवर चढायचं. पाटीवर नाही, तो खर्च नाही. आणि कुणाच्या वाट्याचं काही उरलं असेल तर ती वाढ. ती वाढ जायची पाटीच्या अगदी वरच्या ओळीत. तिथं लिहिलेलं असायचं, ‘जयूची फी’. त्याखाली दोन रेघा.

जयू म्हणजे मी. मी डी.एड.ला होते. पहिला हप्ता आईच्या भिशीतून भरला होता. दुसरा हप्ता परीक्षेचा अर्ज भरण्याआधी द्यायचा होता. “फीची पावती नाही तर अर्ज नाही,” असं कॉलेजातल्या क्लार्कनं मला सगळ्या वर्गासमोर ऐकवलं होतं. मी ते घरी येऊन सांगितलं तेव्हा अप्पांनी पाटी काढली आणि त्या दोन रेघा मारल्या.

“साखर?” अप्पांनी विचारलं.

“चाललीय पुरवून पुरवून,” आई म्हणाली.

“म्हणजे घट का वाढ?”

“घट म्हणा. चहाच अर्धा करतोय तर वाढ कुठनं येणार?”

“दूध?”

“दूध निम्म्यावर आणलंयच की तुम्ही. आता त्याच्याखाली गेलं तर गवळी आमची वाट सोडून जाईल.”

मला हसू आलं. अप्पांची पेन्सिल वर गेली.

आज्जी भिंतीला टेकून बसली होती. तिला कधी गप्प बसता येत नसे. नळावर, दारात, देवापुढं, झोपेतसुद्धा तिचं तोंड चालू. गल्लीतल्या बायका भांडण झालं तरी आधी तिला सांगायच्या आणि मग नवऱ्याला. आवाज असा की समोरच्या यंत्रमागाच्या शेडमधून, खडखडाटातनं, कामगार उत्तर द्यायचे. पण एवढं बोलणारी बाई एक शब्द मात्र कधी उच्चारायची नाही. ‘संपलं.’ मीठ असो, तांदूळ असो, कुंकू असो, तिच्या लेखी काही संपायचंच नाही. ते वाढायचं. बांगडी फुटायची नाही, तीही वाढायची. “शालन, मीठ वाढलंय बघ,” असं ती आईला सांगायची आणि आई दुकानात जायची. तशा पुष्कळ घरांतल्या म्हाताऱ्या हे पाळतात, पण आज्जीनं ते सगळ्या वस्तूंना लावलं होतं. रॉकेल वाढायचं, काड्यापेटी वाढायची, माझ्या पेनातली शाईसुद्धा वाढायची. लहानपणी मी एकदा डबा उपडा करून ओरडले होते, “लाडू संपले!” तर तिनं धावत येऊन माझ्या तोंडावर हात दाबला होता. हाताला लसणाचा वास होता.

“असं म्हणू नये बाई. घर ऐकतंय,” ती म्हणाली होती.

“घराला कान कुठं असतात?”

“तुला काय करायचंय कान कुठं ते? बोललेलं ते धरून ठेवतंय, एवढं ध्यानात ठेव.”

तर त्या रविवारी पाटी भरत आली आणि वरची ओळ तशीच राहिली. अप्पांनी बेरीज केली, पुसली, पुन्हा केली. किराणा, भाडं, लाइट, दूध, भाजी, आज्जीच्या गोळ्या. आज्जीला उन्हाळ्यात नळावर चक्कर आली होती, तेव्हापासून तिला रक्तदाबाची गोळी सुरू होती. चौकातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, “आजी, एखाद्या वेळी जेवण चुकलं तर चालेल, गोळी चुकवायची नाही.” गोळ्या ती पानाच्या चंचीत ठेवायची, सुपारीच्या शेजारच्या कप्प्यात.

“अजून थोडी तूट राहतेय,” अप्पा पाटीकडं बघत म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. “बघा आठवून. कुणाकडं काही वाढ? काहीही. असेल तर आत्ता सांगा.”

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. तिच्याकडं देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“माझ्या गोळ्या वाढल्यात बघ,” आज्जी म्हणाली.

अप्पांनी मान वर केली. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी गिरणी बंद पडल्यापासून पाहिलं नव्हतं. ते हसले.

“खरं सांगतीस आई?”

“मग खोटं कशाला सांगू?”

“बघा! बघा, शिका!” अप्पांनी पाटीवर थाप मारली. “ह्या वयात आई वाढ काढून दाखवतीय, आणि आपण साखर-साखर करत बसलोय. जयू, बघितलंस?” त्यांनी गोळ्यांची ओळ बोटानं पुसली आणि तो आकडा वर, माझ्या फीपुढं नेऊन मांडला. “शाबास आई. तू स्टोअरला असतीस तर गिरणी बुडली नसती.”

आज्जी एकदम गप्प झाली. तिनं अप्पांकडं पाहिलं, मग आईकडं, मग पाटीकडं. आई काहीतरी बोलायला म्हणून पुढं सरकली, तोच आज्जी मोठ्यांदा हसली.

“व्हय तर! मला काय येत न्हाई?” ती म्हणाली. आणि चंची कमरेला खोचून पाणी प्यायला उठली.

मी खूश होते. खोटं कशाला बोलू? त्या महिन्याची तूट भरली होती, मी परीक्षेला बसणार होते आणि अप्पा हसले होते.

पुढच्या महिन्यातही अप्पांनी विचारलं, “आई, गोळ्या?”

“अजून वाढल्याच हाईत रे,” आज्जी म्हणाली.

“एवढ्या कशा गं? रोज घेतीस ना?”

“तू तुझं लिही. माझ्या गोळ्या मी बघतो,” ती म्हणाली. आमच्याकडच्या जुन्या बायका अशाच बोलतात, करतो, जातो, बघतो. अप्पांनी लिहिलं.

त्या महिन्यात मध्येच काही दिवस घरात भाजी दिसेना. नुसतं वरण आणि भात. अप्पांच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं.

“भाजीला पाटीवर पैसे दिलेत न्हवं?” त्यांनी जेवता जेवता आईला विचारलं. “मग भाजी कुठाय?”

आईचा हात वाढता वाढता थांबला. ती काही म्हणायच्या आत आज्जी बोलली.

“मीच सांगितलंय तिला. भाजी बाधतीया मला. वरण-भातच बरा पडतोय.”

“मग ते पैसे उरले असतील. वाढ दाखवायला पाहिजे.”

“दाखवती की. जरा दम धर. माणूस जेवायलाय, त्याला घास तरी गिळू दे.”

दोन-तीन दिवसांनी आईनं भाजीचे पैसे पूर्ण आणून अप्पांच्या हातावर ठेवले. अप्पांनी ते वरच्या ओळीत टाकले. आईचा चेहरा मात्र उतरलेला होता. मला वाटलं, अप्पांनी हिशेब विचारला म्हणून ती दुखावली असेल. तिला मी विचारलंही. ती म्हणाली, “तू अभ्यास कर. एवढं एकच कर.”

फी भरली गेली. पावती घेऊन मी घरी आले तेव्हा अप्पा गोदामात होते. आज्जीनं पावती हातात घेतली, उलटी-सुलटी पाहिली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ती देवापुढं ठेवली, वर हळद-कुंकू वाहिलं आणि आईला म्हणाली, “झालं बघ शालन. आता रविवारी मी बोलतो त्याच्याशी.”

“रविवारी कशाला? आजच बोला की आत्ती,” आई म्हणाली. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात.

“न्हाई न्हाई. सभेत बोलायचं. त्याचा नियम हाय.” आणि दोघीही हसल्या. कशाबद्दल ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही. मी पावतीकडंच बघत होते.

रविवार यायच्या आधीच, सकाळी, आज्जी नळावर पाणी भरायला गेली. कुणाशी तरी तिचं मोठ्यानं बोलणं चाललेलं घरात ऐकू येत होतं. मग ते मध्येच तुटलं. घागर पडल्याचा आवाज आला. आम्ही धावलो तर ती नळाच्या कट्ट्याला टेकून बसलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा. पाणी वाहत होतं. भोवतीच्या बायका तिला हाका मारत होत्या आणि ती सगळ्यांकडं बघत होती, पण तोंडातून फक्त हवा येत होती.

तिला दवाखान्यात नेलं. अर्धांगवायूचा झटका होता. जीव वाचला. डॉक्टरीणबाई तिथं आल्या, त्यांनी तपासलं आणि अप्पांना, आईला, मला व्हरांड्यात बोलावलं.

“गोळी रोज चालू होती ना?”

“होय तर,” अप्पा म्हणाले. “रोज घेत होती. उलट तिच्याकडं वाढल्या होत्या.”

“वाढवल्या होत्या?” डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठी घातली. “डोस कुणी वाढवला? मी तर एकच लिहून दिली होती.”

“डोस न्हाई हो बाई. गोळ्या. गोळ्या वाढल्या होत्या. ती स्वतः म्हणाली, माझ्या गोळ्या वाढल्यात. म्हणजे...”

अप्पा थांबले.

व्हरांड्यात कुणाचं तरी लहान मूल रडत होतं, नर्स ट्रे घेऊन गेली, डॉक्टरीणबाई “म्हणजे काय?” म्हणून वाट बघत राहिल्या. अप्पांनी भिंतीवर हात टेकला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. मीठ वाढलंय. तांदूळ वाढलेत. शाई वाढलीय. माझ्या गोळ्या वाढल्यात बघ. जन्मापासून ऐकलेला शब्द, आणि आम्ही तो नेमका त्या दिवशी पाटीच्या भाषेत ऐकला.

“शालन,” अप्पा आईकडं न बघता म्हणाले. “आई काय म्हणाली होती त्या दिवशी?”

“गोळ्या वाढल्यात म्हणाल्या.”

“म्हणजे काय?”

“तुम्हाला ठावं हाय,” आई म्हणाली. “तुम्ही त्यांच्याच पोटचे.”

डॉक्टरीणबाईंना काय समजायचं ते समजलं असावं. त्या आत गेल्या.

“तुला कळलं होतं?”

“तेव्हाच कळलं होतं.”

“आणि तू गप बसलीस?” अप्पांचा आवाज चढला. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. “माझी आई बिनगोळीची बसलीय, आणि तू गप बसलीस?”

आई कधी अप्पांना उलट बोलत नसे. त्या दिवशीही ती ओरडली नाही. पण थांबलीही नाही.

“मी भाजीच्या पैशातनं गोळ्यांचं पाकीट आणलं होतं. तुम्ही भाजी कुठाय म्हणून ताटावर विचारलंत. आत्तींनी त्याच दिवशी ते पाकीट माझ्या हातात परत दिलं. म्हणाल्या, एकही गोळी काढलेली न्हाई, दुकानात देऊन ये. मी म्हटलं, मी सांगते त्यांना. तर माझा हात आपल्या डोक्यावर घेऊन शपथ घातली. जयूची पावती येईपर्यंत बोलायचं न्हाई. बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील म्हणाल्या.” आईनं डोळे पुसले. “मी म्हटलं, अहो आत्ती, चुकून झालंय, सांगून टाकू, ते काय तुम्हाला खाणार हाईत? तर म्हणतात कशा, ‘अगं, तो हसला बघ. किती दिवसांनी हसला. आता ते मी कसं परत मागू?’”

अप्पा बाकावर बसले. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले. मी त्यांच्या शेजारी बसले, पण त्यांच्या अंगाला हात लावायचं मला धाडस झालं नाही. माझी पावती देवापुढं होती. तिच्यावर हळद-कुंकू होतं.

आज्जी घरी आली ती उजवी बाजू आणि बोलणं दवाखान्यात ठेवून. समजत तिला सगळं होतं. बायका भेटायला यायच्या, आपापली गाऱ्हाणी तिच्यापुढं सांगायच्या आणि तिच्या उत्तराची वाट बघून उठून जायच्या. हळूहळू त्या यायच्या थांबल्या. समोरच्या शेडमध्ये माग तसेच खडखडत होते. घर एवढं शांत असतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

गोळ्यांची पाकिटं आता खिडकीत रचलेली असायची. अप्पा ती आणतच राहायचे. सभा न घेता, कुणाला न विचारता. आई म्हणायची, “अहो, एवढी कशाला?” तर ते ऐकूनच घ्यायचे नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की रोजचे, तोंडात बसलेले शब्द तिच्याकडून म्हणवून घ्या, कधीकधी परत येतात. अप्पांनी ते अंगावर घेतलं. गोदामाला जायच्या आधी ते तिच्यापुढं बसायचे.

“पाणी म्हण आई.”

“पा... पा...”

“शाबास. चहा. च-हा.”

तिच्या ओठाच्या कडेला लाळ यायची. ते आपल्या रुमालानं पुसायचे. कितीही वेळ लागला तरी त्यांचा आवाज चढायचा नाही.

मग पहिला रविवार आला. जेवणं झाली. आईनं फरशी पुसली. सवयीनं मी पाटी काढली आणि काढल्यावर मलाच कसंतरी झालं. अप्पांनी ती माझ्याकडून घेतली. वरची ओळ अजून तशीच होती, दोन रेघांसकट. त्यांनी ती तळहातानं पुसली, सबंध पाटी पुसली आणि कोरी पाटी बाजूला ठेवून ते आज्जीच्या खुर्चीपुढं जमिनीवर बसले.

“आई, आज एक नवा शब्द म्हण. एवढा एकच म्हण. पाणी नको, चहा नको.” त्यांनी तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. “संपलं. म्हण. सं-प-लं.”

आज्जी त्यांच्याकडं बघत राहिली.

“म्हण ना गं. मीठ संपलं. तेल संपलं. गोळ्या संपल्या. त्यात काही वाईट न्हाई आई, सगळं जग म्हणतंय. संपलं म्हणाली असतीस तर मी आणून दिलं असतं. काहीही विकून आणलं असतं.” आता ते रडत होते, आणि रडणं पुसायचंही त्यांना भान नव्हतं. “एकदा म्हण. मला ऐकू दे. सं...”

आज्जीचे ओठ हलले. आई ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मी पुढं वाकले. वाटलं, येणार. येतोय शब्द.

आज्जीनं डावा हात उचलला. वर यायला त्याला फार वेळ लागला. तो तिनं अप्पांच्या तोंडावर ठेवला आणि घट्ट दाबला. मान हलवली, नाही, नाही. मग डोळे फिरवून तिनं वर आढ्याकडं पाहिलं, भिंतींकडं पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना, असं.

अप्पा त्या हातामागं काहीतरी बोलत होते. तिनं हात काढला नाही.